नियंत्रणाच्या तारा आणि वंगणाचा विवेक : लहान विमानांच्या देखभालीचा इतिहास, कोल्हापूरच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठीतून लिहिला गेलेला विमानविद्येचा इतिहास हा बव्हंशी पहिल्या उड्डाणांचा इतिहास आहे. पहिले विमान कोणी उडविले, पहिला परवाना कोणास मिळाला, पहिली टपाल कोठून कोठे गेली, हे प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतात. एकदा उडालेले विमान दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी आणि दहाव्या पावसाळ्यानंतरही सुरक्षित कसे उडत राहिले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः विमानाचा बहुतांश जीवनकाल धावपट्टीपेक्षा हँगरमध्येच जातो, आणि त्याचे भवितव्य पुष्कळदा एखाद्या बिजागरीवरच्या दोन थेंब तेलावर किंवा न दिलेल्या तेलावर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात लहान विमानाची नियंत्रण-यंत्रणा, म्हणजे वैमानिकाच्या हातापायांची हालचाल पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या पृष्ठांपर्यंत नेणारी तारा, कप्प्या, दांडे व बिजागऱ्या यांची जोडणी, सुरळीत चालती ठेवण्याच्या विद्येचा विचार केला आहे. हा विचार कोल्हापूरच्या संदर्भात करण्यास दोन कारणे आहेत. पहिले, संस्थानी काळातच येथे विमानतळ झाला. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भारतात रचलेले आणि बांधलेले पहिले प्रशिक्षण विमान ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले, ते डॉ. विष्णु माधव घाटगे हे याच जिल्ह्यातील. तरीही शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ मधील कथित चौपाटी-उड्डाणाविषयी आपल्याकडे जितके बोलले जाते, त्याच्या दशांशही घाटगे यांच्याविषयी बोलले जात नाही. तळपद्यांच्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. घाटग्यांच्या विमानावर मात्र वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. ही विषमता केवळ विस्मरणातून आलेली नाही. चमत्काराची कथा सांगणे सोपे असते आणि देखभालीची कथा सांगणे कठीण, हेही तिचे एक कारण आहे.

उजळाईवाडीचा माळ

राजर्षी शाहू महाराजांच्या नंतर १९२२ मध्ये गादीवर आलेल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, ५ जानेवारी १९३९ रोजी कोल्हापूरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. शहराच्या आग्नेयेस, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असलेला उजळाईवाडीचा माळ त्यासाठी निवडण्यात आला. त्या काळात संस्थानिकांनी विमानतळ बांधण्यामागे प्रतिष्ठेचा भाग होताच. परंतु कोल्हापुरात यंत्रविद्येची एक स्वतंत्र परंपराही होती. आनंदराव पेंटर यांच्या १९१६ मधील निधनानंतर बाबूराव पेंटर यांनी दादासाहेब मिस्त्री यांच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा येथेच घडविला, हे सर्वश्रुत आहे. पुढे ऑईल इंजिने आणि ओतकाम यांमध्ये या शहराने नाव कमावले. यंत्र परदेशी असले तरी ते उघडून पाहावे, त्याचा बिघडलेला भाग स्वतः करावा, ही कोल्हापूरच्या मिस्त्रीची वृत्ती होती आणि आहे.

या वृत्तीचा विमानाशी संबंध आला की एक पेच उभा राहतो. उसाच्या चरख्याचे बेअरिंग अंदाजाने बसविले तर फार तर एक दिवस काम थांबेल. विमानाच्या एलिव्हेटरच्या बिजागरीबाबत हा अंदाज चालत नाही. हाताचे कसब तेच असले तरी त्याला मोजमापाची, नोंदीची आणि दुसऱ्याच्या नजरेची जोड द्यावी लागते. कसबाला शिस्त लागण्याची ही प्रक्रिया हाच विमान-देखभालीच्या इतिहासाचा गाभा होय.

तारा, कप्प्या आणि वैमानिकाचा हात

राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे साध्य केले त्याचे खरे मर्म इंजिनात नसून नियंत्रणात होते. वैमानिक पालथा झोपून कंबर डावीउजवीकडे सरकवी आणि त्या हालचालीने ओढल्या जाणाऱ्या तारांनी पंखांची टोके पिळली जात. पुढे पंख पिळण्याऐवजी पंखांच्या मागच्या कडेला वेगळी हलती फळी, म्हणजे एलेरॉन, बसविण्याची पद्धत रूढ झाली. शेपटीवर वरखाली हलणारा एलिव्हेटर, उभे सुकाणू म्हणजे रडर, हातात दांडा आणि पायाखाली पट्टी ही रचना पहिल्या महायुद्धापूर्वीच स्थिर झाली आणि लहान विमानात ती आजही मूलतः तशीच आहे.

भारतात १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीपर्यंत टपाल नेणाऱ्या आंरी पेके यांच्या विमानाच्या तारा उघड्यावरच होत्या. त्या हाताने चाचपून पाहता येत. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये जी मॉथ जातीची विमाने आली, त्यांत या तारा बऱ्याच अंशी सांगाड्याच्या आत गेल्या. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला तो याच वातावरणात. तारा आत गेल्याने हवेचा विरोध कमी झाला, पण तपासनिसाचे काम वाढले. जे दिसत नाही ते तपासण्यासाठी झाकणे, आरसे आणि विजेरी यांची गरज निर्माण झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून ज्या जुहूच्या मैदानावर टपाल आणली, ते पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि त्या महिन्यांत सेवा पुण्याहून चालवावी लागे. विमान हवामानाच्या वर उडते हे खरे. परंतु ते राहते हवामानातच, हे भारतीय विमानवाहतुकीला असे पहिल्याच वर्षात कळले.

कप्पी ही काही आपल्या शेतकऱ्याला परकी वस्तू नव्हती. मोटेचा नाडा चाकावरून नीट फिरावा, चाक कुरकुरू नये, म्हणून त्याच्या कण्याला तेल देण्याची रीत घरोघरी होती. बैलगाडीच्या आसासाठी वंगणाचा नळा गाडीलाच टांगलेला असे. एरंडेलाचा तर विमानविद्येशी थेट संबंध आला. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनांना एरंडेलच लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. आणि त्या काळी भारतातील एरंडीला त्यासाठी मागणी होती. मात्र इंजिनाला जे मानवते ते नियंत्रणाच्या तारांना मानवेलच असे नाही. ते का, हे पुढे पाहू.

हसूरचंपू ते गॉटिंगेन

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू या गावी, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून पदवी आणि मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदव्युत्तर पदवी घेऊन ते जर्मनीस गेले. गॉटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

प्रांटल यांचे नाव येथे केवळ गौरवासाठी घेतलेले नाही. १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी मांडलेली सीमास्तराची कल्पना आधुनिक वायुगतिकीचा पाया मानली जाते. वाहत्या हवेतील घर्षण सर्वत्र सारखे महत्त्वाचे नसते. पृष्ठालगतच्या अत्यंत पातळ थरात ते निर्णायक ठरते आणि तो थर पृष्ठापासून सुटला की सर्व प्रवाहाचे रूप बदलते, असा तिचा आशय. एलेरॉनची किंवा रडरची परिणामकारकता या थरावर अवलंबून असते. पृष्ठ फार वळविले, बिजागरीपाशी फट राहिली किंवा पृष्ठ खडबडीत झाले, तर थर लवकर सुटतो आणि नियंत्रण सैल पडते. त्यामुळे विमानाच्या नियंत्रणात घर्षणाचे दोन वेगळे हिशेब ठेवावे लागतात : एक हवेचा, जो रचनाकार आपल्या टेबलावर मांडतो; आणि दुसरा धातूचा, जो तंत्रज्ञाला रोज हँगरमध्ये मांडावा लागतो.

दुरुस्तीतून रचनेकडे

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. युद्धाच्या रेट्यात लवकरच सरकारने ती आपल्या हाती घेतली आणि १९४३ पासून अमेरिकन हवाई दलाच्या देखरेखीखाली ती मुख्यतः दुरुस्तीचे मोठे केंद्र बनली. विमाने बांधण्याच्या स्वप्नातून निघालेली कंपनी दुसऱ्यांची विमाने उघडून, साफ करून, जुळवून परत देण्याच्या कामाला लागली. पुष्कळ अभ्यासक या टप्प्याकडे अडथळा म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखकाला ते मत मान्य नाही. थकलेली, धुळीने भरलेली, गंजलेली विमाने मोठ्या संख्येने हाताखालून गेली, तेव्हा कोणता सांधा कोठे झिजतो, कोणती कप्पी कोणत्या बाजूने खाल्ली जाते, कोणत्या झाकणाआड हात जात नाही, हे ज्ञान तेथील कारागिरांना मिळाले. कोणत्याही रचनाशाळेत ते शिकविले जात नव्हते.

घाटगे या कंपनीत आरंभीच्या काळातच दाखल झाले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झालेल्या विमान-अभियांत्रिकी विभागाच्या जडणघडणीतही त्यांचा अध्यापक म्हणून वाटा होता. याच विभागातील अभ्यासकांनी पुढे १९७४ मध्ये ‘वैमानिकशास्त्र’ या तथाकथित प्राचीन ग्रंथाची चिकित्सा केली आणि तो ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला.

स्वातंत्र्यानंतर घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एचटी-२ हे दोन आसनी विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते उडविले. पंखांचा विस्तार सुमारे १०.७ मीटर, भारासह वजन सुमारे एक टन, संपूर्ण धातूचे अंग, खाली बसविलेला पंख आणि एकामागे एक दोन आसने, असे त्याचे स्वरूप होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये अधिक शक्तीच्या १५५ अश्वशक्तीच्या इंजिनासह दुसरा नमुना उडाला आणि त्याच इंजिनाने उत्पादन झाले. लाकूड-कापडाच्या टायगर मॉथची जागा या विमानाने घेतली. १९५८ पर्यंत सुमारे १७० विमाने बांधली गेली. घानाच्या नवजात हवाई दलालाही त्यांतील बारा देण्यात आली. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बिदर येथील प्रशिक्षण केंद्रातही या विमानाने दीर्घकाळ सेवा बजावली. घाटगे यांच्या देखरेखीखाली पुढे पुष्पक, कृषक ही लहान विमाने आणि किरण हे जेट प्रशिक्षण विमान आकाराला आले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रशिक्षण विमानाच्या नियंत्रण-यंत्रणेवर एक विशेष भार असतो. दोन दांडे आणि पायपट्ट्यांच्या दोन जोड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून सांधे वाढतात आणि प्रत्येक सांधा आपले थोडे घर्षण व थोडा ढिलेपणा घेऊन येतो. विद्यार्थी दांडा झटक्याने ओढतो, पायपट्टी शेवटपर्यंत दाबतो, चाके आपटून उतरतो. प्रशिक्षकाला मात्र त्याच दांड्यातून विद्यार्थ्याचा हात आणि विमानाची प्रतिक्रिया दोन्ही जाणवावी लागतात. ही जाणीव बोथट झाली तर शिकविणेच थांबते.

घर्षण आणि वैमानिकाची जाण

‘नियंत्रणे सुरळीत हलली पाहिजेत’ या वाक्यातील सुरळीतपणा हा वैमानिकाच्या सोयीचा प्रश्न आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. तो अपुरा आहे. स्थिर विमानाचा एक गुण असा की, एका ठरावीक वेगावर साधलेला तोल बिघडला, वेग थोडा कमी झाला, तर दांड्यावर पुढे जाण्याचा हलका दाब जाणवतो. वैमानिक तो दाब हाताने ‘वाचतो’. लहान विमानात हा दाब फारच थोडा असतो. कप्प्यांचे आणि बिजागऱ्यांचे घर्षण त्याहून मोठे झाले, तर दांडा जेथे सोडला तेथेच राहतो. विमान सांगत असते, पण ते हातापर्यंत पोहोचत नाही. स्थिर विमान अशा वेळी वैमानिकाला अस्थिर भासते.

दुसरा धोका उतरताना येतो. जमिनीपासून एक-दोन मीटरवर वैमानिकाला दांडा अगदी बारीक बारीक अंतराने मागे घ्यावा लागतो. अडकणारी यंत्रणा प्रथम हलत नाही. जोर वाढविताच ती एकदम सुटते आणि हवी त्यापेक्षा जास्त हलते. मग वैमानिक उलट दुरुस्ती करतो, तीही अधिक होते. ही डोलणारी उतराई नवशिक्याच्या अकौशल्यावर ढकलली जाते. पण कधीकधी दोष त्याचा नसून एखाद्या न फिरणाऱ्या कप्पीचा असतो. म्हणून उतराई पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर विद्यार्थ्याला बोल लावण्यापूर्वी इंजिन बंद करून दांडा सावकाश फिरवून पाहावा, असे या लेखकाचे मत आहे.

वंगणाचा विवेक

यंत्र जड चालले की तेल घालावे, हा आपला पिढीजात संस्कार. विमानाच्या नियंत्रण-यंत्रणेत तो अर्धाच उपयोगी पडतो. लहान विमानातील पोलादी तारदोर बहुधा सात पदरांचा असतो आणि प्रत्येक पदरात एकोणीस बारीक तारा असतात. दोर कप्पीवरून वळला की हे पदर एकमेकांवर घासतात. म्हणून दोर वळतानाच त्यांच्या आत वंगण भरलेले असते. वरचा मळ काढण्यासाठी असा दोर रॉकेलने किंवा पेट्रोलने भिजवून धुतला, तर आतले वंगण निघून जाते आणि दोर बाहेरून चकचकीत, आतून मात्र कोरडा होतो. पुढे तो आतूनच झिजतो आणि बाहेरून दिसत नाही. योग्य रीत साधी आहे. कोरड्या किंवा किंचित ओलसर फडक्याने दोर पुसावा. त्यातही एक तपासणी साधते : एखादी बारीक तार तुटली असेल तर फडके तिला अडकते. बोटाने मात्र असा दोर कधीही पुसू नये. तुटकी तार कातडीत शिरते, हे जुन्या तंत्रज्ञांना अनुभवाने ठाऊक असते.

कप्पी बहुधा कठीण संयुक्त द्रव्याची असून तिच्या पोटात वंगण भरून बंद केलेले बेअरिंग असते. त्यावर बाहेरून तेल सोडणे म्हणजे धुळीला आमंत्रण. तेल आणि धूळ मिळून जो लेप तयार होतो तो वंगण राहत नाही, कानशीचे काम करतो. मार्च ते मेपर्यंत उजळाईवाडीच्या माळावर वाऱ्याने उडणारी बारीक माती लक्षात घेता, येथे कमी तेल हेच अनेकदा चांगले तेल ठरते. कप्पी तपासायची ती फिरवून. दोर ओढला असता ती फिरली पाहिजे. दोर तिच्यावरून नुसता घसरत असेल तर कप्पीच्या खोबणीत एकाच जागी सपाट खाच पडते. प्रत्येक तपासणीत कप्पी थोडी फिरवून ठेवली तर झीज सर्व बाजूंनी सारखी होते. बिजागऱ्यांचा प्रकार वेगळा. काहींना हलके तेल चालते, लांब पट्टीच्या बिजागरीला कोरडे वंगण बरे पडते, आणि बंद बेअरिंगला काहीच देऊ नये. कोणत्या सांध्याला काय द्यावे, हे विमानाच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक उघडण्याचा कंटाळा हा, खेदाने म्हणावे लागते, आपल्या कारागिरीचा जुना दोष आहे.

ताणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. दोर सैल असेल तर दांडा आणि पृष्ठ यांच्या हालचालीत अंतर पडते, पृष्ठ वाऱ्यावर थरथरू लागते, प्रसंगी दोर कप्पीवरून उतरतो. फार घट्ट असेल तर बेअरिंगवर दाब वाढून सर्व यंत्रणा जड होते. शिवाय विमानाचे अंग ॲल्युमिनियमचे आणि दोर पोलादाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सहा मीटर लांबीच्या दोराचा विचार केला आणि थंडीतली पहाट व उन्हाळ्यातली दुपार यांत धातूच्या तापमानाचा फरक तीस अंशांचा धरला, तर अंग आणि दोर यांच्या प्रसरणात सुमारे दोन मिलिमीटरचे अंतर पडते. ताणाच्या दृष्टीने ते लहान नाही. म्हणून दुपारी दोर घट्ट लागतो आणि पहाटे सैल. आणि म्हणूनच ताण मोजताना तापमानाची नोंद करून त्यानुसार तक्त्यातील आकडा घ्यावा लागतो. येथून जवळच मिरजेत सतार-तंबोरे घडविणारे कारागीर तारेचा ताण कानाने ठरवितात आणि ऋतू बदलला की तंबोरा उतरतो हे त्यांना सांगावे लागत नाही. विमानाच्या तंत्रज्ञाला कानाची मुभा नाही. तो ताणमापक लावतो, टर्नबकलचे आटे फिरवितो आणि शेवटी त्यातून सुरक्षातार ओवून ते बंद करतो. नवा दोर पहिल्या काही तासांच्या उड्डाणात थोडा लांबतो, तेव्हा हे सर्व पुन्हा करावे लागते.

पावसाळा आला की चिंता बदलते. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्याच्या मानाने हा आकडा लहान असला, तरी जून ते सप्टेंबर हवेतील ओल कायम असते. विमान दिवसचे दिवस उडत नाही, आणि न हलणारा सांधा हाच आधी गंजतो. एलेरॉन-एलिव्हेटरच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली तर पाणी आत साचते आणि बिजागरीच्या मागच्या बाजूचे वजन वाढते. वेगात अशा पृष्ठाची थरथर अनावर होऊन पृष्ठच नव्हे तर पंखही मोडू शकतो. रंगाचे जाड थर चढविल्यानेही हेच होते. म्हणून रंगकामानंतर पृष्ठाचा तोल पुन्हा तपासण्याचा नियम आहे. कुंभारीण माशीची मातीची घरटी, शेपटीच्या पोकळीतील पक्ष्यांची काडीकचऱ्याची घरटी आणि उंदीर हे तर आपल्याकडील हँगरचे कायमचे रहिवासी. एखादे विमान पावसाळ्याचे दोन महिने उभे राहिले असेल, तर त्याच्या शेपटीचे झाकण उघडल्याशिवाय ते उडवू नये.

उलट्या तारा

नियंत्रण-यंत्रणा सुरळीत हलणे आणि योग्य दिशेने हलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्ड येथे ॲव्रो ट्युडर जातीचे विमान उड्डाण करताच कोसळले. दुरुस्तीनंतर एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. मृतांमध्ये रॉय चॅडविक होते, ज्यांनी लँकेस्टर हे बाँबफेकी विमान रचले होते. त्या विमानाची नियंत्रणे कदाचित अत्यंत हलकी चालत असतील. वैमानिकाने डावीकडे दांडा दिला आणि विमान उजवीकडे कलले. त्याआधी, ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे नवे चार इंजिनी विमान कोसळले ते वाऱ्यात पृष्ठे हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेल्यामुळे. उड्डाणापूर्वी वाचावयाच्या तपासयादीची प्रथा या अपघातानंतर रूढ झाली. दोन्ही ठिकाणी माणसे अननुभवी नव्हती. उलट ती त्या काळातील उत्तम माणसे होती.

यातून जी पद्धत बसली ती आज उजळाईवाडी, बारामती किंवा धुळे येथे लहान विमान उडविणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. वैमानिक धावपट्टीवर जाण्यापूर्वी दांडा चारही टोकांना नेतो आणि मान वळवून एलेरॉनकडे पाहतो : डावीकडे दांडा, डावा एलेरॉन वर. ‘मोकळी आणि बरोबर’ हे दोन शब्द तो मनाशी म्हणतो. हँगरमध्ये नियंत्रणाचा कोणताही सांधा उघडला गेला असेल, तर तो जोडणाऱ्या तंत्रज्ञाच्या तपासणीनंतर दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि नोंदवहीत दोन सह्या कराव्या लागतात. पहिल्याने केलेले दुसऱ्याने पाहायचे, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडील गुरुशिष्य-संबंधात, जेथे उस्तादाच्या कामावर बोट ठेवणे अप्रशस्त मानले जाते, तेथे हा नियम रुजणे सोपे नव्हते. तो रुजला याचे श्रेय मोठ्या अंशी बंगळूरच्या कारखान्यात आणि हवाई दलाच्या तळांवर तयार झालेल्या तंत्रज्ञांना द्यावे लागते; निवृत्तीनंतर त्यांपैकी अनेकांनी नागरी विमानक्षेत्रात काम करताना ही शिस्त सोबत नेली.

२०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान मांडले, तेव्हा वृत्तपत्रांनी गच्चीची कथा लिहिली. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळे येथे चाचणी-उड्डाण झाले. मधल्या वर्षांत कागदपत्रांइतकीच चर्चा ज्या बाबींची व्हावयास हवी होती, म्हणजे पृष्ठांचा तोल, तारांचा ताण, बिजागऱ्यांची झीज, त्यांविषयी फारसे छापून आले नाही. एचटी-२ च्या बाबतीतही हेच घडले. त्याच्या पहिल्या उड्डाणाची तारीख सहज मिळते. १९५० आणि १९६० च्या दशकांत ती विमाने रोज सकाळी उडण्यायोग्य करणाऱ्यांची नावे मात्र नोंदवह्यांच्या उजव्या कडेला, तेलाच्या बोटांनी केलेल्या दोन सह्यांत आहेत. त्या नोंदवह्या जेथे उरल्या असतील तेथून त्या मिळवून वाचणे हे काम, निदान घाटग्यांच्या जिल्ह्यातील अभ्यासकांनी, अजून हाती घ्यावयाचे आहे.